वार्षिकांकाचे दोनशे फोटो छपाईसाठी कमी वेळात कसे तयार करावेत?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. चोपड्याच्या एका महाविद्यालयाच्या वार्षिकांकाचे काम आपल्या डीटीपी केंद्राकडे आले आहे. आतला मजकूर मॅपलिथो या साध्या, लेप नसलेल्या कागदावर एकरंगी, मध्ये सोळा पाने गुळगुळीत, लेप दिलेल्या आर्ट पेपरवर चाररंगी, आणि फोटो सुमारे दोनशे, त्यांतले बहुतेक व्हॉट्सॲपवरून आलेले. आपण प्रत्येक फोटो फोटोशॉपमध्ये उघडता, ३०० डीपीआय (इंचाला ३०० ठिपके) करता, सीएमवायके (छपाईच्या चार शाईंत: सायन, मॅजेंटा, पिवळी, काळी) करता, टिफ म्हणून साठवता आणि मग इनडिझाइनच्या पानावर आणता. यात दिवसच्या दिवस जातात आणि इतके करूनही छापून आलेले फोटो काळवंडलेले दिसतात.

माझ्या मते आपला वेळ कामाच्या क्रमात जातो आहे. फोटो पानावर किती मोठा बसणार आहे आणि तो कोणत्या कागदावर छापला जाणार आहे, या दोन गोष्टी ठरण्याआधीच आपण त्याचे रिझोल्यूशन आणि रंग पक्के करून टाकता. नंतर समितीतील प्राध्यापक येऊन फोटो लहान करायला सांगतात किंवा तो रंगीत पानातून एकरंगी पानात हलवतात आणि सगळे पुन्हा करावे लागते. आकार व कागद आधी ठरवावेत, रंगांतर सर्वांत शेवटी आणि एकाच ठिकाणी करावे, आणि हाताने काम फक्त त्याच फोटोंवर करावे ज्यांना खरोखर डोळ्याची गरज आहे, एवढा बदल केला तरी बहुतांश मेहनत वाचते.

पहिल्यांदा ३०० या आकड्याबद्दल. इमेज साइझच्या चौकटीतील ‘रिसॅम्पल’ची खूण काढून ७२ च्या जागी ३०० लिहिले, तर फोटोत काहीही बदलत नाही, फक्त त्याच्यावरची चिठ्ठी बदलते. खूण तशीच ठेवून ३०० लिहिले, तर १६०० बाय १२०० पिक्सेलच्या फोटोचा ६६६७ बाय ५००० पिक्सेलचा फोटो होतो. त्यातील वाढीव पिक्सेल सॉफ्टवेअरने अंदाजाने भरलेले असतात, तपशील रतीभरही वाढत नाही, आणि तोच फोटो सीएमवायके टिफ म्हणून न दाबता साठवला तर एकट्याचेच वजन सुमारे १३३ मेगाबाइट होते. असे दोनशे फोटो पानांवर असले की इनडिझाइन रांगत चालते, यात नवल नाही.

महत्त्वाचा आकडा म्हणजे पानावर बसवल्यानंतरचे प्रत्यक्ष रिझोल्यूशन. इनडिझाइनच्या लिंक्स पॅनेलमध्ये फोटो निवडला की खाली ‘ॲक्चुअल पीपीआय’ आणि ‘इफेक्टिव्ह पीपीआय’ असे दोन आकडे दिसतात (पीपीआय म्हणजे इंचाला किती पिक्सेल). त्यांतला दुसराच पाहायचा. ऑफसेटवर साधारण १५० लाइनची स्क्रीन (इंचाला ठिपक्यांच्या १५० ओळी) असते आणि तिच्या दुप्पट म्हणून ३०० ही प्रथा पडली. दीडपट, म्हणजे २२५ पर्यंत उतरलेला फोटोही आर्ट पेपरवर चांगला छापला जातो. चेहरे आणि निसर्गदृश्ये यांत फरक ओळखणे कठीण जाते, बारीक नक्षी किंवा फोटोतलीच अक्षरे असतील तर मात्र तो दिसतो.

व्हॉट्सॲपवरून साध्या पद्धतीने पाठवलेला फोटो लांब बाजूला साधारण १६०० पिक्सेलचा होऊन येतो, असे धरून हिशोब करून पाहा. गुणवंत विद्यार्थ्याचा ३० बाय ४० मिलिमीटरचा फोटो ३०० पीपीआयने छापायला ३५४ बाय ४७२ पिक्सेल पुरतात. म्हणजे असे सगळे फोटो व्हॉट्सॲपचे असले तरी चालतील आणि त्यांच्यावर वेळ घालवण्याचे कारण नाही. तोच फोटो सव्वापाच इंच लांबीपर्यंतही ३०० पीपीआयनेच बसतो. पण ए-४ आकाराच्या पूर्ण पानावर, चारही बाजूंना ३ मिलिमीटर ब्लीड (कापणीत जाणारी जादा कड) धरून तो पसरला, तर १३४ पीपीआयच उरतात आणि तिथे काम बिघडते. सामूहिक फोटोची गोष्ट वेगळीच आहे. एका रांगेत वीस विद्यार्थी उभे असतील तर १६०० पिक्सेलमध्ये प्रत्येकाच्या वाट्याला ८० पिक्सेल येतात आणि चेहऱ्याला त्यांच्या निम्मेच. पानावरचे पीपीआय कितीही चांगले दिसोत, चेहऱ्यांचे पुंजके होतात, आणि वार्षिकांक हाती आल्यावर प्रत्येक विद्यार्थी सर्वांत आधी त्याच फोटोत स्वतःला शोधतो.

म्हणून महाविद्यालयाकडून सगळेच्या सगळे मूळ फोटो मागण्याचा आग्रह धरू नका. तो पुरा होत नाही आणि त्यात आठवडा निघून जातो. मुखपृष्ठ, पूर्ण पानाचे फोटो आणि सामूहिक फोटो एवढ्यांची यादी करून तेवढेच मूळ स्वरूपात मागवा. ते व्हॉट्सॲपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगितले तरी मूळ फाइल जशीच्या तशी येते. हे प्राध्यापकांना एकदा फोनवर समजावून सांगितले की पुरते. आयफोनवरून आलेल्या फाइली एचईआयसी स्वरूपात असतील तर त्या उच्च दर्जाच्या जेपेगमध्ये किंवा टिफमध्ये बदलून घ्या आणि बदलताना त्यांचे प्रोफाइल (रंगांचे आकडे कसे वाचायचे हे सांगणारी फाइलमधली नोंद) काढून टाकू नका.

आलेले फोटो ‘मूळ’ नावाच्या फोल्डरमध्ये ठेवून त्याला हात लावू नये. सगळे काम प्रतीवर करावे. नंतर ब्रिज (ॲडोबीचे फोटो पाहण्या-निवडण्याचे सॉफ्टवेअर) उघडून फक्त निवड करावी. एकाच दीपप्रज्वलनाचे नऊ फोटो आलेले असतात आणि छापायचा एकच असतो. उरलेल्या आठांवर केलेली प्रत्येक दुरुस्ती वाया जाते, म्हणून निवड संपेपर्यंत फोटोशॉप उघडूच नये. निवडलेल्या फोटोंना ब्रिजच्या ‘बॅच रीनेम’ने विभाग, कार्यक्रम आणि क्रमांक अशी नावे द्यावीत. ‘एनएसएस-शिबिर-०४’ या नावाचा फोटो समितीच्या बैठकीत चटकन सापडतो. व्हॉट्सॲपने दिलेल्या नावांत एकाचा दुसऱ्याशी घोळ होतो आणि एका प्राध्यापकांच्या नावाखाली दुसऱ्यांचा फोटो जातो.

एकाच सभागृहात, एकाच उजेडात काढलेले फोटो एकत्र निवडून फोटोशॉपसोबतच्या कॅमेरा रॉमध्ये उघडावेत. जेपेगही तिथे उघडतात. एका फोटोचा व्हाइट बॅलन्स आणि एक्स्पोजर नीट लावून ‘सिंक’ केले की तीच दुरुस्ती बाकीच्यांना लागते. ट्यूबलाइटच्या उजेडात काढलेल्या तीस फोटोंवरची हिरवट झाक अशी एका झटक्यात जाते, आणि तीस फोटो एकसारखे दिसतात हा त्याहून मोठा फायदा होतो. हाताने एकेक दुरुस्त केलेले फोटो पानावर शेजारी शेजारी आले की प्रत्येकाची छटा वेगळी निघते.

यानंतर फोटो आरजीबीतच (पडद्याच्या लाल-हिरव्या-निळ्या रंगांत) पानावर आणावेत. फोटोच्या चौकटीसाठी एक ऑब्जेक्ट स्टाइल करून तिच्या ‘फ्रेम फिटिंग’मध्ये प्रमाण राखून चौकट भरण्याचा पर्याय लावून ठेवला, की फोटो टाकताक्षणी बसतो आणि ताणला जात नाही. प्रीफ्लाइट (छपाईपूर्व तपासणी) पॅनेलमध्ये तपासणीच्या अटींचे स्वतःचे प्रोफाइल तयार करून रंगीत आणि राखाडी फोटोंसाठी किमान २०० पीपीआयची अट घालावी. त्याखाली गेलेला प्रत्येक फोटो पान क्रमांकासह लाल यादीत येतो. आपल्याकडच्या दोनशेपैकी हाताने पाहण्याजोगे फोटो म्हणजे ही यादी आणि पाऊण पानापेक्षा मोठे असलेले फोटो. बाकीचे जसे आहेत तसे जाऊ द्यावेत. मोठे फोटोही लहान करत बसण्याची गरज नाही. ‘प्रेस क्वालिटी’ प्रीसेटमध्ये ४५० पीपीआयच्या वरचे फोटो पीडीएफ करताना आपोआप ३०० वर आणण्याची सोय मुळातच लावलेली असते.

आता रंग. इनडिझाइनच्या कलर सेटिंग्जमध्ये आरजीबीसाठी एसआरजीबी असावे. तिथे चुकून ॲडोबी आरजीबी निवडलेले असेल, तर प्रोफाइल नसलेले फोटो भडक होतात आणि चेहरे लालबुंद दिसतात. सीएमवायकेसाठी प्रोफाइल प्रेसला विचारावे. पुष्कळ लहान प्रेसना ते सांगता येत नाही. अशा वेळी आर्ट पेपरसाठी कोटेड फोग्रा ३९ घ्यावे आणि चाररंगी काम मॅपलिथोवर असेल तर अनकोटेड फोग्रा २९. सॉफ्टवेअरसोबत येणारे स्वॉप हे अमेरिकन छपाईसाठीचे प्रोफाइल आहे. त्याने अनर्थ होतो असे नाही, पण ते कुणी विचार करून निवडलेले नसते एवढे खरे. पीडीएफ काढताना आउटपुटमध्ये ‘कन्व्हर्ट टू डेस्टिनेशन, प्रिझर्व्ह नंबर्स’ निवडावे. त्यामुळे सगळे फोटो एकदम रूपांतरित होतात आणि आपण निव्वळ काळ्या शाईत ठेवलेली अक्षरे चार रंगांत फुटत नाहीत. उद्या हाच अंक दुसऱ्या प्रेसकडे गेला तर फक्त प्रोफाइल बदलून नवी पीडीएफ काढायची, दोनशे फोटोंना हात लावायचा नाही.

फोटो काळवंडतात याची दोन कारणे मला नेहमी दिसतात. पहिले म्हणजे मॉनिटर पूर्ण उजेडावर ठेवलेला असतो. पडद्याशेजारी ज्या कागदावर छापायचे आहे तो कोरा कागद धरा आणि पडद्यावरचे पांढरे पान त्याच्याइतपत दिसेपर्यंत उजेड कमी करा. मग फोटो मुळातच किती अंधारे आहेत ते कळेल. दुसरे म्हणजे डॉट गेन. मॅपलिथो शाई शोषतो, ठिपका पसरतो, आणि आपण दिलेला ५० टक्क्यांचा ठिपका कागदावर ७०-७५ टक्क्यांसारखा दिसतो. चेहऱ्यांच्या छटा नेमक्या याच मधल्या पट्ट्यात असतात, म्हणून सर्वांत आधी चेहरे बुडतात.

स्नेहसंमेलनाचे फोटो वेगळे काढून ठेवावेत. रंगमंचावरच्या एलईडी दिव्यांचा गर्द निळा-जांभळा उजेड चार शाईंत मावतच नाही. नेहमीच्या ‘रिलेटिव्ह कलरिमेट्रिक’ पद्धतीने रूपांतर केले की जे जे मावत नाही ते सगळे एकाच काठावर येऊन बसते, आणि नर्तिकेच्या ओढणीच्या घड्या जाऊन तिथे सपाट जांभळा डाग उरतो. असे फोटो फोटोशॉपमध्ये स्वतंत्रपणे ‘पर्सेप्च्युअल’ने बदलून पाहावेत, रंग थोडे फिके होतात, पण घड्या टिकतात. त्याआधी ह्यू-सॅच्युरेशनमध्ये फक्त निळ्याची तीव्रता उतरवली तर निकाल आणखी चांगला येतो. कंट्रोल-वायने सॉफ्ट प्रूफ (छापल्यावरचे रंग पडद्यावरच दाखवणारी सोय) चालू ठेवून हे काम करावे, म्हणजे छापल्यावर बसणारा धक्का आधीच बसून जातो.

मोठ्या फोटोंत रंग तपासताना इन्फो पॅनेलमधील सीएमवायकेचे आकडे वाचायला शिकावे. पडद्यापेक्षा ते भरवशाचे असतात. माझी साधी पद्धत अशी की प्रत्येक वस्तूच्या रंगात एक शाई नकोशी असते आणि लक्ष तिच्यावर ठेवायचे. रावेर-यावलकडच्या पिकलेल्या केळीचा घड घ्या. त्यात पिवळी ८५-९० टक्के, मॅजेंटा १५-२० टक्के आणि सायन पाचाच्या आत असले की केळी ताजी दिसते. सायन बारा-पंधरावर गेला की तीच केळी मळकट दिसू लागते, आणि पिवळी वाढवून हा मळ जात नाही. कर्व्हज उघडून सायनच उतरवावा लागतो. भरिताच्या हिरव्या वांग्यांत याच्या उलट, सायन आणि पिवळी हव्यात आणि मॅजेंटा नको. ती वाढली की वांगी शिळी वाटतात. आपल्याकडच्या वर्णाच्या चेहऱ्यांत पिवळी मॅजेंटापेक्षा किंचित जास्त आणि सायन मॅजेंटाच्या निम्म्याच्या आत असावा. तो निम्म्यापुढे गेला की माणूस आजारी दिसतो, मग ते प्राचार्य असोत की प्रमुख पाहुणे.

एकरंगी पानांचा मार्ग निराळा. तिथे आरजीबी फोटो तसाच राहिला तर पीडीएफमध्ये तो चारही प्लेटांवर (प्रत्येक शाईची एक) जातो, आणि प्रेसने फक्त काळी प्लेट घेतली तर पानावर फोटोचे भूत उमटते. या फोटोंसाठी फोटोशॉपमध्ये एक ॲक्शन (एकदा नोंदवून पुन्हा पुन्हा चालवता येणाऱ्या पायऱ्या) तयार करावी: आधी ‘ब्लॅक अँड व्हाइट’ ॲडजस्टमेंट, मग ‘डॉट गेन २५ टक्के’ या प्रोफाइलमध्ये रूपांतर, मग सौम्य अनशार्प मास्क, आणि शेवटी टिफ म्हणून वेगळ्या फोल्डरमध्ये साठवणे. इनडिझाइन राखाडी फोटोचे प्रोफाइल पाहत नाही, त्यातले आकडे सरळ काळ्या प्लेटवर पाठवते. म्हणून डॉट गेनची भरपाई फोटोशॉपमध्येच होणे आवश्यक आहे. ॲक्शनमध्ये ‘ब्लॅक अँड व्हाइट’समोरची छोटी चौकट चालू ठेवली की प्रत्येक फोटोला ती पायरी आपल्यापुढे थांबते. तेवढे थांबणे फायद्याचे असते, कारण लाल साडी आणि तिचे हिरवे काठ साध्या ग्रेस्केलमध्ये एकाच राखाडी रंगाचे होतात. इथे लाल थोडा उतरवून हिरवा चढवला की काठ वेगळे उठून दिसतात. ज्या फोटोंत असे काही नाही त्यांच्यासाठी चौकट बंद करून ‘इमेज प्रोसेसर’मधून सगळे फोल्डर एकदम चालवावे.

तयार टिफ पानांवर पुन्हा एकेक करून टाकायचे नाहीत. लिंक्स पॅनेलमध्ये एकरंगी पानांवरचे सगळे फोटो निवडून ‘रीलिंक टू फोल्डर’ द्यावे आणि नाव तेच पण एक्स्टेन्शन टिफ असा पर्याय निवडावा. चौकटी, क्रॉप, आकार जागच्या जागी राहतात आणि फोटो बदलतात. नावे नीट दिलेली असण्याचा खरा मोबदला इथे मिळतो.

एकरंगी पानांच्या प्लेटा सीटीपीऐवजी (संगणकावरून थेट प्लेट) लेझर प्रिंटरवर ट्रेसिंग पेपरची प्रत काढून होणार असतील, तर हिशोब बदलतो. ६०० डीपीआयच्या लेझरवर ८५ लाइनची स्क्रीन धरली तर राखाडीच्या जेमतेम ५० छटा मिळतात. तिथे ३०० पीपीआयचा फोटो देऊन काही साधत नाही. १७० ते २०० पुरतात. पाच टक्क्यांखालचे ठिपके प्लेटवर टिकत नाहीत आणि ९५ च्या वरचे भरून जातात, म्हणून लेव्हल्समध्ये खालच्या ‘आउटपुट’ पट्टीवर १३ आणि २४२ द्यावेत.

वृत्तपत्रीय कात्रणांचे पान प्रत्येक वार्षिकांकात असते आणि तेच सर्वांत वाईट छापले जाते. कात्रणातला फोटो आधीच ठिपक्यांत छापलेला असतो. त्यावर आपल्या स्क्रीनचे ठिपके चढले की मॉयरेची जाळी उमटते. कात्रण मोबाइलने टिपू नये. ते ६०० पीपीआयने स्कॅन करावे, स्कॅनरमध्ये ‘डीस्क्रीन’ असेल तर चालू करावे, नसेल तर ठिपके विरघळतील इतपतच गॉशियन ब्लर देऊन मग ३०० वर आणावे, आणि लेव्हल्सने पिवळट कागद पांढरा करावा. स्वाक्षऱ्या आणि रेखाचित्रे मात्र १२०० पीपीआयला बिटमॅप म्हणून ठेवावीत. राखाडीत ठेवली की त्यांच्या कडांना ठिपक्यांची झालर येते.

शार्पनिंग अंतिम आकाराला, सर्वांत शेवटी करायचे असते. या पद्धतीत लहान फोटोंचे शार्पनिंग कॅमेरा रॉमध्ये होते तेवढ्यावरच सोडावे लागते आणि माझ्या मते तेवढे पुरते. पूर्ण पानाच्या फोटोंना मात्र आकार पक्का झाल्यावर अमाउंट १००-१५०, रेडियस १ ते १.५, थ्रेशोल्ड ३-४ असे हाताने द्यावे. १०० टक्क्यांवर पाहताना ते किंचित जास्त वाटले की छपाईत बरोबर बसते. फोटो मोठे करण्यासाठी ‘प्रिझर्व्ह डिटेल्स’ किंवा कॅमेरा रॉचे ‘सुपर रिझोल्यूशन’ इमारती, शेते, पुतळे यांना उपयोगी पडते. सामूहिक फोटोतील बारीक चेहऱ्यांवर अशी साधने वापरू नयेत. चाळीस पिक्सेलच्या चेहऱ्यात नसलेले डोळे सॉफ्टवेअर स्वतःच्या मनाने काढते, आणि ते डोळे त्या विद्यार्थ्याचे नसतात.

मुखपृष्ठ आपण कोरलड्रॉमध्ये करत असाल, तर तिथेही तत्त्व तेच आहे. फोटो निवडला की खालच्या स्टेटस बारमध्ये त्याचा रंगप्रकार आणि प्रत्यक्ष डीपीआय दिसतो, आणि फोटो ताणला की आकडा बदलतो. पॉवरक्लिपमध्ये (फोटोचा हवा तेवढाच भाग दाखवणाऱ्या चौकटीत) टाकलेल्या फोटोचा न दिसणारा भागही फाइलमध्ये राहतो, म्हणून मोठे फोटो आधी क्रॉप करून आणावेत. जुन्या, युनिकोड नसलेल्या मराठी फाँटमधील शीर्षके कर्व्ह करून (अक्षरांचे आकृतींत रूपांतर करून) मगच पीडीएफ काढावी आणि कर्व्ह न केलेली प्रत वेगळी जपून ठेवावी, कारण मुखपृष्ठावरची पदनामे शेवटच्या दिवशी हमखास बदलतात.

तयार पीडीएफ ॲक्रोबॅट प्रोमध्ये उघडून ‘आउटपुट प्रिव्ह्यू’ जरूर पाहावा. सायन, मॅजेंटा आणि पिवळी बंद केल्यावर एकरंगी पाने जशीच्या तशी राहिली पाहिजेत आणि रंगीत पानांवरचा काळा मजकूर पूर्ण दिसला पाहिजे. ‘टोटल एरिया कव्हरेज’ (एका जागी चारही शाईंच्या टक्क्यांची बेरीज) आर्ट पेपरसाठी ३०० वर ठेवून पाहावे. गडद पडदे आणि काळे कोट यांच्यावर मोठे रंगीत डाग दिसले तर शाई वाळायला वेळ लागेल आणि समोरच्या पानाला लागेल, तेव्हा तेवढेच फोटो पुन्हा उतरवावेत. पीडीएफ एक्स-१ए हवी की एक्स-४ (छपाईसाठीच्या पीडीएफचे दोन प्रकार), हे प्लेट जिथे होणार आहे त्यांनाच विचारावे. जुन्या रिपवर (पीडीएफचे प्लेटसाठी ठिपक्यांत रूपांतर करणारी यंत्रणा) एक्स-१ए बिनघोर चालते. डिजिटल मशीनवर काढलेले प्रूफ महाविद्यालयाला दाखवताना त्यावर ‘फक्त मजकूर व फोटोंच्या जागा तपासण्यासाठी’ असा शिक्का मारावा, कारण त्यातले रंग ऑफसेटपेक्षा उठावदार असतात आणि एकदा का समितीने ते पाहिले की छापलेला अंक तिला फिकाच वाटतो. रंगांची मंजुरी घ्यायचीच असेल तर रंगीत फर्मा (एकत्र छापला जाणारा पानांचा गट) मशीनवर लागेल त्या वेळी समितीतील एका प्राध्यापकांना प्रेसवर बोलवावे आणि शाई जुळल्यानंतरच्या पहिल्या चांगल्या शीटवर त्यांची सही घ्यावी.